वंदनाची तिसरी कॉपी

काही घरांत सासू-सुनांचे किस्से जमतात, काही घरांत प्रवासाचे. आमच्या फुलचूरच्या घरात कॉम्प्युटरचे जमले आहेत. ठरवून कोणी जमवले नाहीत. पाहुणे चहाला बसतात, कोणीतरी म्हणतं, "वहिनी, फोटो दाखवा ना," की वंदना उठून कॉम्प्युटर सुरू करते. मग जेवणाची वेळ होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही.

वंदना म्हणजे माझी बायको. मी राइस मिलच्या ऑफिसात कामाला, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतो. पण घरच्या कॉम्प्युटरची मालकीण तीच.

सुरुवात वाईट झाली होती. आमच्या मुलीचे, पल्लवीचे, लहानपणापासूनचे फोटो आणि गॅदरिंगचे व्हिडिओ त्या कॉम्प्युटरमध्ये होते. एका उन्हाळ्यात लाइट सारखी जाऊन-येऊन राहिली होती, आणि कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. वंदनाने तो ऑटोत टाकून गोंदियाच्या बाजारात नेला. दुकानदाराने खोलून पाहिलं आणि म्हणाला, "भाभीजी, हार्ड डिस्क गई. बॅकअप तो होगा ना?"

बॅकअप हा शब्दच ती पहिल्यांदा ऐकत होती. तिने स्टूल ओढलं, बसली आणि म्हणाली, "नहीं है. आप समझाओ."

बिचाऱ्याने दुपारभर समजावलं. मग पुढचे कितीतरी महिने ती नातेवाइकांकडे फिरली. कोणाच्या मोबाइलमधून, कोणाच्या लग्नाच्या सीडीतून पल्लवीचं अर्धं बालपण तिने परत गोळा केलं. उरलेलं अर्धं गेलं. त्याबद्दल ती बोलत नाही. पण त्यानंतर आमच्या घरातली एकही फाइल हरवली नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

तिचा नियम साधा. एक कॉपी कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटातल्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर. घराबाहेर म्हणजे तिच्या माहेरी, केशोरीला. डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून ती घेऊन गेली, तेव्हा तिचे मोठे भाऊ दिलीपभाऊ चक्रावले.

"वंदे, हे इथं काऊन ठेवून राहिली? तुह्या घरी कपाट नाही का?"

आमच्याकडे चोरी झाली, पाणी शिरलं, तर इथलं तरी राहील, असं तिने सांगितलं. भाऊंना ते आवडलं नाही. असं अभद्र कायले बोलतेस, म्हणाले.

"भाऊ, घर पुन्हा बांधता येते. पल्लवीचा पहिला वाढदिवस पुन्हा करता येत नाही."

भाऊंनी डबा घेतला आणि स्वतःच्या कपड्यांच्या कपाटात ठेवला. पुढे आंब्यांच्या दिवसांत मी केशोरीला गेलो होतो. वंदनानेच डिस्क आणायला सांगितलं होतं. भाऊंनी मला पोटभर जेवू घातलं, आंबे बांधून दिले, आणि डबा मागितल्यावर बाहेर ओट्यावर जाऊन बहिणीला फोन लावला.

"भाऊजी आले आहेत. डबा मागून राहिले. देऊ का?"

पल्लवी नागपूरला शिकायला गेली, तरी आईचा हात तिथपर्यंत पोहोचायचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर तिने फोन करून सांगितलं की पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली आहे. वंदनाने विचारलं, उघडून पाहिली का? पल्लवी वैतागली. कॉपी झाली म्हणजे झाली, म्हणाली. वंदना ऐकेना. तो पेन ड्राइव्ह मैत्रिणीच्या लॅपटॉपला लाव आणि शेवटच्या पानावरची पहिली ओळ मला वाचून दाखव, म्हणाली.

कुरकुरत तिने पेन ड्राइव्ह मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावला. मग पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "आई, नुसता शॉर्टकट कॉपी झाला आहे. फाइल आलीच नाही."

तिने नीट कॉपी घेतली, उघडली आणि ती ओळ वाचून दाखवली. जमा करायच्या आदल्या दिवशी तिच्या लॅपटॉपवर चहा सांडला. प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून वेळेत जमा झाला. तेव्हापासून हॉस्टेलच्या मुली परीक्षेआधी देवाला जायच्या, आणि प्रोजेक्टआधी आमच्या घरी फोन करायच्या.

मग पल्लवीला पाहायला निखिल आला. मुलगा कृषी खात्यात. मी त्याच्या बदलीचं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात वंदना पोह्यांच्या प्लेटा ठेवून समोर बसली आणि तिने विचारलं की तुमच्या घरचे जुने फोटो कुठे असतात.

मी खाली पाहिलं. निखिल मात्र सरळ बसला. म्हणाला, "एक लॅपटॉपमध्ये, एक घरच्या डिस्कवर. आणि एक ताईकडे बालाघाटला."

वंदना स्वयंपाकघरात गेली आणि मला आत बोलावून घेतलं. "अहो, बाकीचं काय विचारायचं ते विचारा," म्हणाली. "माझं झालं."

आता गिरजाआत्याचं सांगतो. ही माझ्या वडिलांची बहीण, गोरेगावला असते. आमच्या पोवार समाजाच्या लग्नांतली गाणी तिच्यासारखी कोणी म्हटली नाहीत. पल्लवीच्या हळदीला ती दिवसभर गात होती आणि वंदना तिच्याजवळ फोन धरून बसली होती. पुढच्या वर्षी आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ते तोंडाजवळ कान नेला तरच कळतं.

यंदा तिच्या नातीचं, सोनलचं लग्न होतं. हळदीच्या दुपारी मांडवात बायका गाणं म्हणायला बसल्या आणि दुसऱ्या कडव्याला अडल्या. कोणाला शब्द आठवेनात. सगळ्या आत्याकडे बघायच्या आणि पटकन नजर फिरवायच्या. वंदना उठून तिच्याजवळ गेली. लावू का, एवढंच तिने विचारलं. आत्याने मान हलवली.

स्पीकरमधून आत्याचा आवाज आला. मोठा, मोकळा, पहिल्यासारखा. हळद लावणारे हात थांबले. सोनल रडायला लागली. आत्या डोळे मिटून बसली होती, तिचे ओठ हलत होते. मला वंदनाचा इतका अभिमान वाटला की मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात गाणं थांबलं. आत परत आलो तर आत्याने हात वर केला होता. तिला सहन झालं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. पण तिने सोनलला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. सोनलने डोळे पुसले.

"आजी म्हणते, इथं मी चुकली होती."

मग आत्याने एकेक ओळ नातीच्या कानात सांगितली आणि हळदीने माखलेली नवरी स्वतःच ते कडवं गायली. आवाज कापत होता, पण तिने शेवटपर्यंत म्हटलं. बायकांनी मागून धरलं. वंदना फोन धरून होतीच.

गाणं संपल्यावर ती आत्यापुढे वाकली आणि तिने विचारलं, "आत्या, मग ते जुनं काढून टाकू का?"

आत्याने तिचं मनगट धरलं, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही ठेव."