मुक्कामाच्या गाडीतले शेवट

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गेटच्या आत एक सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळचा चहा झाला की त्या बाकावर रोज एकच खटला चालतो: आजवरचा सगळ्यात भारी मारधाडीचा पिक्चर कोणता. निकाल अजून लागलेला नाही आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही नाही.

इथं मी एकाही पिक्चरचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की अर्धे वाचक माझ्या बाजूचे होतील आणि उरलेले भांडायला येतील. भांडायला मला बाकावरची माणसं पुरेशी आहेत. तसंही बाकावर कोणी नाव घेत नाही. पिक्चर त्यातल्या मारामारीवरून ओळखायचा. म्हणजे ‘ट्रकवाला’, ‘लग्नाच्या मांडवातला’, ‘बर्फाच्या कारखान्यातला’. दुसरा नियम असा की मोबाईल खिशातच राहणार. वाद आठवणीवर घालायचा. ज्यानं फोन काढून खात्री केली तो हरला, आणि वडापाव त्याच्याकडून.

हा दुसरा नियम माझा. बाकावर मी एकटीच बाई. ऑफिसातून आल्यावर घरात शिरायच्या आधी मी तिथं टेकते, कारण दिवसभर लोकांशी गोड बोलल्यावर माणसाला कुठंतरी तावातावानं बोलावं लागतं. नवऱ्याशी या विषयावर बोलून उपयोग नाही. त्याला ज्या पिक्चरमध्ये एक माणूस खिडकीतून बाहेर बघत बसतो, ते आवडतात. तसा स्वभावानं चांगला आहे.

बाकावरचे कायमचे मेंबर दोन. एक रत्नागिरीकडचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. जुनं तेवढं सोनं, असं त्यांचं मत. हिरोनं शंभर माणसं लोळवावीत, पण शर्ट पँटीतून बाहेर येता कामा नये. दुसरे कळंबोलीत लोखंडाचा धंदा करणारे आमच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांना आम्ही सगळे लोखंडवालेच म्हणतो. त्यांना नवे पिक्चर आवडतात, ज्यात गाड्या उडतात. मात्र उडालेल्या गाड्यांचं भंगार वाया गेलं म्हणून ते मनापासून हळहळतात. मी नव्वदीच्या दशकाची. त्या काळच्या हिरोला रागावता यायचं. आताचे हिरो रागावत नाहीत, नुसते दंड दाखवतात.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि माझे सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडे आले. वाईच्या पुढं त्यांचं गाव. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला. आले ते एक बॅग घेऊन, आणि ती बॅग त्यांनी काही रिकामी केली नाही. रोज तिच्यातून कपडे काढायचे, धुऊन वाळले की घडी घालून परत तिच्यातच. मी त्यांच्यासाठी कपाट रिकामं केलं होतं. ते रिकामंच राहिलं. कोणी काही विचारलं की "आता निघायचंच हाय की," एवढं बोलून गप्प. गावाकडे घर बंद, शेजार म्हातारा झालेला, रात्री दुखलं-खुपलं तर हाकेला कोणी नाही. त्यांनी एकट्यानं तिथं जाऊन राहावं हे मला अजिबात पटत नव्हतं. पण "राहा" म्हणून राहणाऱ्यातले ते नव्हेत. मी एकदा जरा आवाज चढवून सांगून पाहिलं, तर त्यांनी त्या दिवशी बॅगेची चेनसुद्धा तेल घालून नीट केली.

एका संध्याकाळी मी त्यांना भाजी आणायच्या निमित्तानं खाली नेलं आणि बाकावर बसवलं. काका ‘ट्रकवाला’ कसा थोर आहे ते सांगत होते. लोखंडवाले म्हणाले, "काका, तो ट्रक बघितला का तुमी? तेवढा माल भरून घाटात एवढ्या स्पीडनं कोण चालवतो? माझा ड्रायव्हर पन नाय चालवनार."

"ब्रेक सोडलाय त्यानं," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांनी दोन्ही हात पुढं करून स्टेअरिंग धरलं. मग त्या माणसानं त्या बाकावर बसून आख्खा घाट उतरवला. गिअर कधी टाकला, वळणावर मागचं चाक कसं दरीवर गेलं, व्हिलनचा माणूस फळीला लोंबकळत होता तो कुठल्या वळणावर सुटला, सगळं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. गेल्या तीन महिन्यांत घरात ते एवढं बोलले नव्हते. लोखंडवाल्यांनी आपली हरकत मागे घेतली.

त्या दिवसापासून चहाचा कप खाली ठेवायच्या आत बाबांच्या पायात चपला. बाकावर त्यांची एक खासियत ठरली. मारामारी सगळ्यांना आठवायची, पण शेवट सांगावा तो बाबांनीच. त्यांचे शेवट काही औरच असायचे. ‘लग्नाच्या मांडवातला’ या पिक्चरमध्ये म्हणे शेवटी व्हिलनलाच वरातीपुढं बँड वाजवायला लावतात. काका कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "असं होतं का हो? मला नाही आठवत." पण नियम माझा होता, फोन खिशात होते आणि बाबांचा आवाज खणखणीत होता. मला तर वाटायचं, शेवटाच्या वेळी आपणच पॉपकॉर्नचा डबा शोधत असू आणि शेवट हुकला असेल.

मग एकदा गाडी ‘ट्रकवाल्या’च्या शेवटावर आली. बाबांनी सांगितलं, "हिरो त्याला बांधून घरी आनतो. आईपुढं टाकतो. म्हनतो, तूच सांग काय करू. आई म्हनते, मारू नगंस. ह्यानं गावाचं धान्य लुटलंय न्हवं, मग बसव जात्यावर. गावाचं दळन दळंल, तवाच सोडू."

लोखंडवाले खूश झाले. काका नाही. ‘ट्रकवाला’ हा त्यांचा जीव की प्राण, त्यात जातं घुसलेलं त्यांना सहन झालं नाही.

"अहो, काहीतरीच काय. गोडाऊनला आग लागते, स्फोट होतो, व्हिलन खल्लास. मी तीनदा पाहिलाय."

"म्या पन पायलाय," बाबा म्हणाले.

काका हट्टाला पेटले. "वडापाव माझ्याकडून," असं म्हणून त्यांनी सरळ फोन काढला, शेवट लावला आणि बाबांच्या हातात दिला. गोडाऊन पेटलं, फुटलं, पोलिसांच्या जीपा आल्या, हिरो आईच्या गळ्यात पडला, संपलं. जातं कुठंच नव्हतं. बाबांनी ते पूर्ण पाहिलं. "असं हाय व्हय," एवढं म्हणाले, फोन परत दिला आणि लिफ्टकडे निघाले. लोखंडवाले मागून हाक मारत राहिले.

वर गेल्यावर पाहिलं तर ते पलंगावर बसले होते आणि बॅग मांडीवर होती.

"पोरी, सोमवारच्या गाडीचं तिकीट काढ," ते म्हणाले.

"बाबा, पिक्चरवरून कोणी घर सोडतं का?" मी म्हणाले. मला काकांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही.

त्यांनी बॅग मांडीवर सारखी केली. मग सांगायला लागले. तालुक्याच्या गावी टॉकीज होती. पहिली पाळी सुटली की गावातली पोरं संध्याकाळच्या खेळाला जायची. पण गावात मुक्कामाला येणारी एसटी खेळ संपायच्या आधीच सुटायची, आणि ती चुकली की रात्रभर स्टँडवर. त्यामुळे मारामारी रंगात आली की आख्खं गाव उठून स्टँडकडे पळायचं. शेवट कोणी पाहिलेलाच नसायचा. मग एसटीत वाद सुरू व्हायचा की पुढं काय झालं असेल. भांडत भांडत गाव येईपर्यंत एक शेवट ठरायचा. कंडक्टरसुद्धा त्यात असायचा, घंटीची दोरी ओढून गाडी थांबवायचा आणि आपलं मत सांगायचा. जो शेवट ठरला तोच गावाचा. उद्या पारावर तोच सांगायचा. पुढं टीव्ही आला, पण पाहिलेला पिक्चर परत कशाला बघायचा, असा बाबांचा खाक्या.

"एवढी वरसं झाली," ते म्हणाले, "पायलेलं कुठलं आन ठरीवलेलं कुठलं, माजं मलाच कळंना झालंय."

"मग त्यात काय एवढं? उलट भारीच आहे."

"तसं न्हाई." त्यांनी बॅगेच्या चेनवरून बोट फिरवलं. "जात्याचा शेवट हिचा हुता. लगीन झाल्यावर पयला पिक्चर दावाया नेलं हुतं. एसटीत सगळे म्हनत हुते, हिरो त्याला दरीत टाकतोय. ही नवी नवरी, डोक्यावर पदर, आन मागच्या शिटावरनं म्हनाली, मारून काय उपेग, दळाया बसवा. सगळी गाडी गप. मग कंडक्टर म्हनला, वैनी म्हनत्यात तेच बराबर." ते थोडे हसले. "आज वाटलं, ते झालंच नव्हतं जनू."

मी रडले, ते मी लपवलंही नाही. नाक पुसून झाल्यावर मी म्हणाले, "तिकिटाचं बघते." आणि बघितलं नाही. साईट बंद आहे, असं सांगितलं. साईट बिचारी व्यवस्थित चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर एकटीच गेले. काका आधीच वडापावची पिशवी घेऊन ओशाळवाणे बसले होते. मी त्यांना एसटीची सगळी हकीकत सांगितली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी मूर्ख आहे." मी हो म्हणाले. लोखंडवाल्यांनी मात्र लगेच रस्ता काढला. "टेन्शन कशाला? सोसायटीच्या हॉलमदे प्रोजेक्टर पडून आहे, मॅच बघायचा. रविवारी ‘ट्रकवाला’ लावू. एसटी सुटायची तिथपर्यंतच. मग बंद. पुढचा शेवट बाबा सांगनार."

बाबा यायला तयार नव्हते. शेवटी काका स्वतः वर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही आला नाहीत तर घाट कोण समजावून सांगणार? हे लोखंडवाले परत त्या ट्रकवर शंका घेतायत." एवढं ऐकून बाबांना बसवेना.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. हळदीकुंकवाच्या सतरंज्या अंथरल्या होत्या. माझा नवराही आला आणि चक्क घाटात ओरडला. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. गोडाऊनच्या दाराशी हिरो पोचला, आणि बाबांनी खुर्चीखालच्या चपला पायात सरकवल्या. त्यांना स्वतःला ते कळलं नसावं. काकांनी ठरल्याप्रमाणे पिक्चर थांबवला. दिवे लागले.

बाबा उठले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी दळणाचा शेवट सांगितला, एसटीसकट, कंडक्टरसकट. "हा माज्या मंडळीचा शेवट," असं आधीच जाहीर केलं. व्हिलनला पहिल्याच पायलीला हाताला फोड येतात आणि तो आईकडं पाणी मागतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे पाण्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहुधा ते त्यांनी त्याच क्षणी जोडलं असावं.

काका प्रोजेक्टर आवरायला उठले.

"ऱ्हाऊ द्या, चालू करा," बाबा म्हणाले आणि परत खुर्चीवर बसले. चपला त्यांनी काढून ठेवल्या. "आज कुठं गाडी पकडायचीय? बघू दे की पुरा."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून खरा शेवट पाहिला. गोडाऊन पेटलं, फुटलं, जीपा आल्या. दिवे लागल्यावर काका खाकरले. तीनदा पाहिलेला पिक्चर त्यांचा, तरी म्हणाले, "वहिनींचाच बरोबर होता." लोखंडवाल्यांनी हात वर केला, मीही केला. बाकावरच्या खटल्यात एकमत झालं ते तेवढं एकदाच.

लिफ्टमध्ये मी म्हणाले, "बाबा, सोमवारचं तिकीट राहिलंय."

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "फुडच्या रविवारी बर्फाच्या कारखान्यातला लावत्यात. त्याचा शेवट बी हिनंच केलाय, मी न्हाई गेलो तर सांगनार कोन?"