क्रूझवरून दिलेला आवाज

फॉर्मवर एक रकाना होता. इंग्रजीत पाच अक्षरं – एन, आय, सी, एच, ई. मी वाचलं 'नीचे'. आमच्या ब्रह्मपुरीकडे अर्धी भाषा हिंदीच, त्यामुळे मला वाटलं, रेल्वेसारखा बर्थ विचारून राहिले. मी प्रामाणिकपणे लिहिलं – लोअर बर्थ, गुडघा दुखतो. तो शब्द 'निश' असतो, म्हणजे तुमचा धंदा नेमका कशातला, हे नंतर कळलं. मुंबईच्या बंदरावर गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. वर मोठ्या अक्षरात माझं नाव, खाली इंग्रजीत – 'लोअर बर्थ, नी पेन'. पहिल्याच संध्याकाळी तिघांनी मला विचारलं, सर, गुडघेदुखीच्या मार्केटमध्ये कॉम्पिटिशन किती आहे?

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील, हा माणूस हुशारीनं रचून सांगतोय. एवढी हुशारी असती तर रकाना नीट भरला असता…

आणि अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, उतारा सगळं बंद. कोणी भुताचं सांगायला लागलं की बाबा म्हणायचे, त्याला चहा दे आणि पोटाचं औषध दे. मी त्याच वळणाचा. आजही आहे. म्हणूनच तर लिहितोय.

माझा धंदा मोहाच्या फुलांच्या लाडवांचा. पन्नाशीला टेकल्यावर सुरू केला. मोह, तीळ, गूळ… आणि फेसबुकवर जाहिरात. मोह वेचून द्यायची माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणतो. ती सावली तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. भाऊजी वारले, मुलगी सासरी. साठी ओलांडली आहे, कानानं कमी ऐकते, पण हात अजून मशीनसारखा चालतो. तोही डावा.

मागच्या वर्षी ऑनलाइन धंदेवाल्यांच्या एका क्रूझची जाहिरात आली. मुंबईहून निघायचं, समुद्रात तीन रात्री, दिवसभर ओळखी करायच्या, ऑर्डरी घेऊन परत यायचं. 'हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे,' असं त्यात लिहिलं होतं. मी तेच वाक्य बायकोला ऐकवलं. ती घुग्घुसची, कोळसा खाणीतल्या माणसाची मुलगी. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जहाजावर बसून धंदा वाढते, तं मंग खलाशी काऊन करोडपती नाई झाले?"

तरी गेलो. मार्चचा शेवट होता, म्हणजे मोह ऐन पडायच्या दिवसांत.

जहाजावर चढायच्या आधी बाईला फोन केला. मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे अख्ख्या रांगेनं ऐकलं.

"बाई, यंदा दुप्पट लागंल. मी इथून मोठी ऑर्डर आणून राह्यलो."

"फारेस्टवाले नोको जा म्हणून राह्यले, बापू. वाघीण हाये म्हणते जंगलाच्या बाजूच्या कंपार्टमेंटात."

"मंग उजेड पडल्यावर जाय. यमुनाबाईले संग घे."

"बरं," बाई म्हणाली. "तू जेवला का?"

यमुनाबाई म्हणजे बाईची शेजारीण. गोंडांचं घर, बाईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. जंगल बाईला कळतं, पण यमुनाबाईला ते घरासारखं माहीत होतं. मोह वेचायला त्या दोघी कायम जोडीनं जायच्या. आमच्याकडे रीतच आहे – एक वाकली की दुसरीनं उभं राहायचं. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. म्हणून पाळीपाळीनं वेचायचं, आणि एखादी फार वेळ वाकून राहिली तर दुसरीनं आवाज द्यायचा, "उभी राह्य." तेवढंच. हे कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही, पण तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

क्रूझचं काय सांगू. प्रत्येक जण दुसऱ्याला काहीतरी विकायला आला होता. माझ्या केबिनमधला सांगलीचा माणूस कोर्स विकायचा – कोर्स कसे विकावेत याचा कोर्स. मी त्याला लाडू दिला, त्यानं मला लिंक दिली. जहाज किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइल बंद. वायफाय विकत मिळत होतं, ते मी घेतलं नाही. तीन दिवसांत काय होणार आहे, असा विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वरच्या डेकवर सगळ्यांना बोलावलं. काचेनं बंद केलेला डेक, खाली हिरवा गालिचा. आमचे मेंटॉर कानाला माइक लावून फिरत होते. ते सगळ्यांना 'चॅम्प' म्हणायचे. त्यांनी आदल्या रात्री आमची सगळ्यांची व्हिजिटिंग कार्डं एका टोपलीत गोळा केली होती. ती टोपली त्यांनी गालिच्यावर उलटी केली, हातानं सगळीकडे विखुरली आणि म्हणाले, "संधी जमिनीवर पडलेली असते, चॅम्प्स. वाकल्याशिवाय मिळत नाही. जो जास्तीत जास्त कार्डं वेचेल, तो जिंकला."

आणि सगळे वाकले. कोट घातलेले, टाय लावलेले, बायका, पुरुष… सगळ्या डेकवर नुसत्या पाठी. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी कडेला उभा होतो. मला मनातून थोडं हसूच येत होतं. म्हटलं, बाईला आणायला पाहिजे होतं, पाच मिनिटांत डेक साफ केला असता.

तेव्हा वास आला. मोहाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, लाडवांचा असेल. लाडू चार मजले खाली केबिनमध्ये, डब्यात होते. आणि वाळलेल्या मोहाचा वास वेगळा, झाडाखाली नुकत्या पडलेल्या ओल्या मोहाचा वेगळा. हा ओला होता.

मग त्या पाठींमध्ये एक पाठ दिसली. हिरवं लुगडं, पदर खोचलेला, उजवा हात गुडघ्यावर, डावा हात भराभरा चाललेला. तोंड पलीकडे होतं. मी तिच्याकडे पाहत राहिलो. भीती वाटली असं म्हणणार नाही. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही… आता वाटतं. तेव्हा फक्त एवढंच मनात आलं की ही फार वेळची वाकली आहे.

आणि मी ओरडलो, "बाई, उभी राह्य."

ओरडलो म्हणजे, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडतात तसं. सगळ्या डेकनं माना वर केल्या. मी पुन्हा पाहिलं तर तिथे हिरवा कुर्ता घातलेली इंदूरची एक बाई होती, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे बघत होती. वास गेला होता.

मेंटॉर धावत आले. "सर ने क्या बोला? मतलब क्या है?"

मी म्हटलं, "स्टँड अप."

"पॉवरफुल," ते म्हणाले. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. सगळं जहाज उभं राहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मला बक्षीस म्हणून त्यांचं पुस्तक मिळालं. मी खाली जाऊन इडली खाल्ली.

परतीच्या दिवशी किनारा दिसायला लागला आणि खिशातला फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. सगळे मिस्ड कॉल घरचे. मी लावला.

"कुठी होते तुम्ही?" बायको म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "बाई बऱ्या आहेत. पहिले ते ऐका. बाई बऱ्या आहेत."

"मंग?"

"यमुनाबाई गेल्या. परवा. वाघिणीनं."

मी विचारलं, "किती वाजता?" माणूस असं ऐकल्यावर पहिलं हे विचारत नाही. मी विचारलं.

"सकाळी. साडेसहाची यष्टी जाऊन थोडा वेळ झाला होता म्हणते." मग ती म्हणाली, "बाई एकसारखं एकच बोलून राह्यल्या. तुम्ही आवाज देला म्हणते."

मी बॅगांच्या रांगेत उभा होतो. सांगलीवाल्यानं खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला. तो फोटो त्यानं मला पाठवला आहे. त्यात मी हसतोय.

गावात पोहोचलो तोवर यमुनाबाईला माती देऊन झाली होती. बाई ओट्यावर बसली होती. मी जवळ बसलो, तिनं माझा हात हातात घेतला आणि हळूहळू सांगितलं. तिला मध्ये विचारावं लागत नव्हतं, आधीच किती वेळा सांगून झालं असेल.

त्या दिवशी दुप्पट न्यायचा म्हणून दोघीही एकदम वाकल्या होत्या. पाळी लावली तर वेळ गेला असता. बाई झाडाच्या या बाजूला, यमुनाबाई त्या बाजूला.

"मले तं काई ऐकू नाई आलं, बापू," बाई म्हणाली. "तिलेच आलं. मले म्हणे, बाई, तुया भाऊ आवाज देऊन राह्यला. मी म्हटलं, तो तं दर्यात हाये. ते म्हणे, अवं तोच होय, उभी राह्य म्हणते तुले. हासत होती. मंग मी उभी झाली. रस्त्याकडे पाहाले गेली, तू कुठी दिसते का म्हणून. चार पावलं गेली असंन."

मग तिनं माझा हात सोडला.

म्हणजे आवाज यमुनाबाईनं ऐकला. ज्या कानानं ऐकला तो बाईचा नव्हताच. तिनं निरोप बाईला पोचवला आणि स्वतः वेचत राहिली. कारण आवाज तिच्यासाठी नव्हता. तिच्या भावाचा असता तर ती उभी राहिली असती.

महादेवभाऊ, यमुनाबाईचा माणूस, अंगणात बाजेवर बसले होते. मी जाऊन खाली बसलो. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. आम्ही दोघं समोरच्या कोंबड्यांकडे पाहत बसलो.

मग ते म्हणाले, "भाऊ, एक इचारू का?"

"इचारा."

"तुम्ही खरंच आवाज देला?"

मी सांगितलं. क्रूझ, कार्डं, वास, हिरवं लुगडं, सगळं. जहाज त्यांना नीट समजलं नसावं, पण बाकीचं समजलं. त्यांनी मान हलवली. त्यांना काहीच नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"मंग तिले काऊन नाई देला?"

रागानं नाही म्हणाले. एखादी वस्तू कुठे ठेवली विचारावं, तसं.

मी म्हटलं, "मले एकच पाठ दिसली, भाऊ."

"हो," ते म्हणाले. "एकच दिसली असंन."

यमुनाबाईला संग घे, असं मीच फोनवर म्हटलं होतं. ते मी त्यांना सांगितलं. तेही त्यांना माहीत होतं.

त्या डेकवरच्या सकाळचा व्हिडिओ आयोजकांनी नंतर सगळ्यांना पाठवला. त्यात मी ओरडताना दिसतो. कोपऱ्यात वेळ आहे, सहा वाजून एकेचाळीस. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअर आहे. तो म्हणतो, मामा, योगायोग. तुमच्या मनात मोह होता, वाघीण होती, सगळे वाकलेले पाहिले आणि तोंडातून निघालं. आणि तिकडे यमुनाबाईंना दुसरा कोणाचा तरी आवाज आला असेल. मला त्याचं पटतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. फक्त मग तिकडे कोण ओरडलं, हे विचारत मी आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत फिरलो. त्या सकाळी त्या बाजूला कोणी गेलंच नव्हतं. फॉरेस्टवाल्यांनी मनाई केली होती ना.

काय होतं ते मला माहीत नाही. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. लाडू बंद केले आहेत. माझी व्हिजिटिंग कार्डं मात्र पुष्कळ उरली आहेत, त्यावर मी गिऱ्हाइकांचे नाही, दुधाचे हिशोब लिहितो.

बाई मात्र यंदाही मोहाला जाणार म्हणते. माझ्यासाठी नाही, तिच्या घरासाठी. तिचं वर्ष त्यावर चालतं. पण तिच्यासोबत जायला आता गावातली कोणी तयार नाही. कोणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त प्रत्येकीला त्या दिवशी नेमकं दुसरं काम असतं.

परवा तिच्याकडून परत येत होतो. मी गाडी चालवतोय, बायको मागे. धानाच्या शेतातल्या रिकाम्या बांध्या लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "यंदा बाईसंग मी जाते."

मी म्हटलं, "तू? तुले कुठी येते मोह वेचाले?"

"वेचाले नाई," ती म्हणाली. "उभी राहाले."