उष्टावणाआधीचे घास

चैत्रात आमच्या शेळगावकडे दुपार सकाळी दहालाच येऊन बसते आणि एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही. ऊस तुटून गेलेल्या रानांतून पाचट पेटवलेलं असतं. त्याचा करपट, गोडसर धूर वाऱ्याबरोबर गावावरून सरकत जातो, आणि वारा पडला की पत्र्याखाली, पदरात, तान्ह्या मुलाच्या जावळातसुद्धा मुरून राहतो. नव्वदीच्या दशकातला तो एक उन्हाळा. माझी थोरली मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, आणि तिला छातीशी धरलं की दुधाआधी धुराचाच वास यायचा. त्या दिवसांची आठवण निघाली की सर्वांत पुढे उभा राहतो तो थकवा. बाकी माणसं, प्रसंग, ऋतू सगळे त्याच्या मागून येतात.

थकवा म्हणजे नुसती झोप नव्हे. झोप झाली तर तो जातो असं लोकांना वाटतं, मलाही बाळंतपणाआधी तसंच वाटायचं. पण आपल्या देहावाचून दुसऱ्या एका जिवाला जगात खायला काहीच नाही, ही जाणीव दिवसाचे सगळे प्रहर हाडांत घेऊन वावरणं हा थकवा वेगळा असतो. भाकरी थापताना, धुणं पिळताना, रस्त्याने चालताना कान सतत त्या एका रडण्याकडे लागलेला. ती रडली की दूध आपोआप पाझरायचं, पुढे पुढे ती नुसती कुशीवर वळली तरी पाझरायचं, आणि त्याहून पुढे पाझरायचंच कमी होत गेलं. ओढून ओढून ती दमायची, मग रागाने लाथा झाडायची, आणि मी भिंतीला टेकून तिचा राग बघत बसायची.

तिला वरचं काही द्यायला हवं होतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण हेच दुसऱ्यांना सांगायचं मला मानधन मिळत होतं. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. पाचवा-सहावा महिना लागला की पेज द्या, मऊ भात द्या, वरणाचं पाणी द्या, असं मी दारोदार हिंडून सांगत असे. तुळईला टांगलेल्या काट्याच्या झोळीत गावातली पोरं बसवून त्यांची वजनं घेत असे आणि तक्त्यावरची रेघ खाली वळली की त्यांच्या आयांना फैलावर घेत असे. मुख्यसेविका तपासणीला आल्या की माझ्या नोंदवह्यांचं कौतुक करायच्या.

पण घरात उष्टावण व्हायचं होतं. आमच्यात पहिला घास मामाने द्यायचा, त्याआधी मुलाच्या ओठाला दुधापलीकडे काही लागू द्यायचं नाही. मुलगा असेल तर सहावा, आठवा असा सम महिना, मुलगी असेल तर पाचवा, सातवा असा विषम. माझं माहेर डाळजचं. आजोबांच्या वेळी तिथे मोठा कळप होता. पुढे रानात पाणी आलं, ऊस आला, चुलते शेतीला लागले, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी भिगवणला दुकान टाकलं. माझा एकटा मोठा भाऊ तेवढा मेंढरांमागे राहिला. दिवाळी झाली की कळप घेऊन तो घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. म्हणजे मुलीच्या पाचव्या महिन्यात तिचा मामा कोकणात कुणाच्या तरी भातखाचरात मेंढरं बसवून राहिलेला होता.

सातव्या महिन्यात, पाडव्याला, एसटीने येऊन जाईन असं त्याने कळवलं होतं. पाडव्याला तो आला नाही, त्याच्या चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दादाला लिहिता येत नाही. तिकडच्या कुणा मास्तरांनी सुवाच्य अक्षरात, 'वि. वि.' घालून लिहिलं होतं की मेंढरांच्या खुरांना रोग लागला आहे, कळप टाकून निघता येत नाही, तरी राग मानू नये. राग कुणावर मानायचा? मी ते कार्ड देवळीत ठेवलं आणि सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना मी आत्या म्हणत असे. वाईट नव्हत्या त्या, उलट माझं दूध आटू नये म्हणून डिंकाचे, अळिवाचे लाडू स्वतःच्या हाताने वळून मला समोर बसवून खाऊ घालायच्या.

"आता आठवा लागंल," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "त्यो सम पडतो. पोरीला चालत न्हाय. नववा लागू दे."

म्हणजे आणखी दीड-दोन महिने. नवऱ्याला विचारलं. ते कारखान्यात पाळीला जायचे. गळीत हंगाम संपत आला होता, माणूस घरी यायचा तो झोपायलाच. "तुमी बायका बघा काय ते," म्हणून ते कुशीवर वळले. आणि मी, जी परक्यांच्या ओसरीवर उभी राहून खड्या आवाजात बोलायची, ती स्वतःच्या चुलीपुढे एक शब्द बोलले नाही. भीती होती का? होतीच. पण खरं सांगायचं तर भांडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्यात उरलं नव्हतं. शिवाय मनाच्या तळाशी मलाही ते हवंच होतं: माझ्या भावाच्या मांडीवर माझी लेक, त्याच्या हातचा पहिला घास. वर्षाकाठी त्याचं माझ्या घरी येणं ते किती, त्यातला हा एक मान मी कसा काढून घेणार होते?

पोरीचं वजन घ्यायचं मी हळूच सोडून दिलं. वहीत तिच्या नावापुढे अंदाजे आकडा लिहायला लागले, दर महिन्याला थोडा वाढवून. आधी सांगितलं की अंगात बळ नव्हतं, पण एवढं खोटं लिहायला मात्र हात उचलत होता. त्याची लाज आजही वाटते.

मग एका सकाळी अंगणवाडीत शेवंता आली. वरच्या आळीची, तिसरं मूल कडेवर. त्याची रेघ खाली गेली होती, आणि मी नेहमीसारखी सुरू झाले: सुकडी नेतेस ती कुणाच्या घशात जाते, पोराला भरवायला तुला वेळ नाही का, वगैरे. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं. मग मी रोज पोरीला बरोबर आणून निजवायची त्या कोपऱ्यातल्या झोळीकडे गेली, माझी पोर जागीच होती, तिच्या पोटरीला दोन बोटांनी चिमटीत धरून पाहिलं आणि अगदी सहज, कसलाही डंख नसलेल्या आवाजात विचारलं, "बाई, तुमची काय खाती?"

"खाती की. पेज खाती," मी म्हणाले.

ती मान डोलावून गेली. तिला खोटं कळलं होतं की नाही, देव जाणे. मुलं घरी गेली, मदतनीस बाई घागर घेऊन हापशावर गेल्या, आणि त्या पत्र्याच्या खोलीत मी आणि पोर अशा दोघीच राहिलो. सकाळी जे खोटं बोलले होते ते निदान दुपारपर्यंत तरी खरं करावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सुकडीच्या पोत्यातून मूठभर पीठ काढलं. भाजलेल्या गव्हाचा आणि गुळाचा खमंग वास उठला. कोमट पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, बोटाच्या टोकावर घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं.

तिने तोंड असं काही वाकडं केलं की मला हसू फुटलं. जिभेने सगळं बाहेर ढकललं. पुन्हा दिलं, पुन्हा ढकललं. हनुवटीवरून, मानेवरून ओघळ गेले. मुलाला खायला शिकवावं लागतं हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते, पण तान्ह्या जिभेला फक्त ओढायचं माहीत असतं, आत घ्यायचं, मागे न्यायचं, गिळायचं ही केवढी नवी विद्या असते, ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी तिने क्षणभर थांबून, काहीतरी आठवत असल्यासारखं वर बघत, गिळलं. आणि माझ्याकडे पाहिलं. मी रडले त्या वेळी, आणि मदतनीस बाई यायच्या आत डोळे पुसले.

मग तो आमचा रोजचा चोरटा व्यवहार झाला. दुपारी दोन-तीन घास, पुढे अर्धी वाटी. घरी निघण्याआधी मी तिचं तोंड धुवायची, गळ्याच्या वळ्या पुसायची, वास येतो का म्हणून नाकाने हुंगून बघायची. घरी आत्या म्हणायच्या, "पोर सुधारली गं. अळिवाचा गुण हाय." मी हो म्हणायची. एवढा मोठा गुन्हा आणि एवढं साधं पीठ, पण मन रोज त्याने पोखरून निघायचं. महिन्याने तिला काट्यावर बसवलं आणि वहीत पहिल्यांदा खरा आकडा लिहिला. तो आधीच्या खोट्या आकड्याहून कमीच होता, तरी मी तो खाडाखोड न करता तसाच ठेवला.

वैशाख सरता सरता दादा आला. कळप घाट चढून आला होता. मेंढरं बरोबरच्या माणसांच्या हवाली करून तो पुढे एसटीने निघाला, वाटेत बारामतीत उतरून चांदीची वाटी घेतली आणि उन्हाने रापलेला, टाचा फुटलेला असा दारात उभा राहिला. नववा महिना लागलेला होता. आत्यांनी तांदळाची खीर केली, शेजारच्या चार बाया आल्या. दादाने पाटावर आपली घोंगडी घडी करून घातली, पोरीला मांडीवर घेतलं आणि अंगठी खिरीत बुडवून हात पुढे केला.

हात अजून वीतभर लांब होता, तोच पोरीने आ करून तोंड पुढे आणलं. अंगठी चाटली, मिटक्या मारल्या आणि वाटीवर थाप मारून आणखी मागितलं. बाया हसल्या, मामाच्या हातचा गुण म्हणाल्या. आत्यांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "लई शहाणी हाय," एवढंच म्हणून त्या बायांना खीर वाढायला वळल्या. त्यांना काय समजलं ते त्यांनी पुढे कधी काढलं नाही, मीही काढलं नाही.

बाया गेल्यावर दादा ओसरीवर तिला घेऊन बसलेलाच होता. मी भांडी उचलायला गेले तेव्हा तो खाली बघतच बोलला.

"पैल्यांदा पाला दावला की कोकरू नुसतं हुंगतं, सुमे. हिनं लांबूनच आ केला."

मी वाट्या एकात एक घालत राहिले.

"कुणी दिला पैला घास?"

"मी."

त्याने वाटीच्या काठाला लागलेली खीर बोटाने गोळा केली, तिच्या तोंडात घातली. मला वाटलं, आता उठून जाईल. "मग ठीक हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी दिला असता तर वाईट वाटलं असतं." आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून, "तोंड किती उतरलंय तुझं. जा, पड जरा. मी हाय न्हवं हितं."

मी आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर आडवी झाले. दिवसाउजेडी, एकटी, कुशीत कुणी नसताना पडण्याची ती नऊ महिन्यांतली पहिली वेळ. फरशी गार होती. बाहेर वाटीवर चमचा वाजत होता, दादा मेंढरांना घालतात तसला काहीतरी ओठांचा आवाज काढत होता आणि पोर त्याला हसत होती. पाजायची वेळ होऊन गेली होती, छाती ठणकत होती. ज्या विसाव्यासाठी मी इतके दिवस झुरले तो अखेर समोर येऊन बसला होता, आणि मला त्यात कसं शिरायचं तेच उमगत नव्हतं. माझ्यावाचून तिचं पोट भरत होतं. सुख म्हणावं तर डोळा का लागत नाही, दुःख म्हणावं तर अंग एवढं सैल का पडतं, याचा निवाडा मी आजतागायत करू शकलेले नाही. ती रडेल आणि मला उठावं लागेल म्हणून मी कितीतरी वेळ कान देऊन पडून राहिले. ती रडली नाही.