सीटखालचे पैंजण

हुपरीच्या चिमणाबाईंच्या हातून आजवर किती पैंजण गेले असतील, ते एक अंबाबाईलाच ठाऊक. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, दुसऱ्याच आठवड्यात सासूने पुढ्यात चांदीच्या साखळ्या आणि घुंगरांची वाटी सरकवली, आणि साखळीला घुंगरं लावणं तेव्हापासून आजतागायत सुटलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत डोळे अधू झाले, पण कान असे तयार झाले की शेजारच्या घरात कुणी पैंजणांचा जोड हलवला, तर त्यातलं एखादं घुंगरू मुकं राहिलंय हे त्या इकडून सांगत.

अशा बाईला गाडीत बसवून तिच्याच बुडाखाली चांदी लपवायची अक्कल फक्त तिच्या पोटच्या पोरालाच सुचू शकते. सयाजीला ती सुचली.

सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन येऊ, असं त्याने घरात सांगितलं होतं. चिमणाबाई हरखल्या. सून वर्षाराणीने दशम्या केल्या, चार वर्षांच्या राजनंदिनीने नवा फ्रॉक आणि आज्जीने केलेले पैंजण घातले, आणि सकाळी कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेऊन सयाजीची जुनी गाडी पुणे-बेंगलोर रस्त्याला लागली. गोऱ्या साहेबाच्याही आधीपासूनचा रस्ता हा, असं चिमणाबाईंचा नवरा गुंडू सांगायचा. पूर्वी दोन्ही अंगाला वडाची झाडं होती. आता रुंदीकरणात वड गेले, आणि जागोजागी रस्ता उखडून गाड्या बाजूच्या कच्च्या वाटेवर वळवलेल्या होत्या.

कागलजवळ चहा झाला. टपरीवर मोटरसायकलवाले दोघं उभे होते, एकाच्या डोक्यावर लाल हेल्मेट. ते गाडीकडे टक लावून बघत होते, पण तेव्हा चिमणाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. गाडी पुढे निघाली, कच्च्या वाटेवरच्या पहिल्याच खड्ड्यात आदळली, आणि सीटखाली छुण् झालं.

त्यांनी नातीकडे पाहिलं. पोरगी आईच्या मांडीवर झोपलेली, पाय गप्प. दुसरा खड्डा आला. पुन्हा तोच आवाज, आणि एकदोन जोडांचा नव्हे, शेकड्यांचा. गेल्या महिनाभरात आपण लावलेली घुंगरं चिमणाबाईंनी बरोबर ओळखली.

याच रस्त्यावर, निपाणीच्या पुढे तवंदीच्या घाटात, वीस वर्षांपूर्वी गुंडूला लुटलं होतं. व्यापाऱ्याची चांदी बेळगावला पोचवायला तो एकटाच निघालेला. प्रत्येक जोड जुन्या धोतराच्या चिंधीत बांधून नेण्याइतका हुशार माणूस, तरी गळ्याला सुरा लागलाच. चांदी गेली, आणि माणूस परत आला तो निम्माच. पुढची अकरा वर्षं त्याने हुपरीची वेस ओलांडली नाही. दिवस कलायच्या आत दाराला कडी लावून त्या कडीकडे बघत बसायचा, आणि तसाच एक दिवस गेला. तो गेल्यावर सयाजीने आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता, की पॉलिश करीन, भट्टीवर बसेन, पण मालाची ने-आण कधी करणार नाही.

चिमणाबाई पुढे वाकल्या आणि लेकाच्या कानाशी म्हणाल्या, “सयाजी, खाली काय हाय?”

सयाजीची मान ताठ झाली. “गप बस, आये. बायका-पोरांच्या गाडीवर कोण नजर टाकत न्हाय.”

म्हणजे यल्लम्मा नुसती नावाला. देवीसुद्धा पांघरुणाला घेतली आणि आईसुद्धा. चिमणाबाईंना संताप आला, पण तो घशापर्यंत पोचायच्या आत मागच्या काचेतून त्यांना लाल हेल्मेट दिसलं आणि संताप जागीच विरला. मोटरसायकल पुढे जाईना, की मागे पडेना. दूधगंगेचा पूल गेला, कर्नाटक लागलं, तरी हेल्मेट मागेच. प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही हातांनी सीट दाबून धरत होत्या, जणू त्यांच्या दाबण्याने शेकडो घुंगरं गप्प बसणार होती. यल्लम्माचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

निपाणीच्या अलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं. थांबू नको म्हणून त्यांनी परोपरीने सांगितलं, पण गाडी निवांत थांबत सहलीला निघालेली दिसली पाहिजे, असं सयाजीचं गणित. तो आडोशाला गेला, वर्षाराणी रस आणायला गेली. गाडीत उरल्या चिमणाबाई, झोपलेली नात आणि चांदी.

मोटरसायकल येऊन शेजारीच थांबली. लाल हेल्मेटवाला उतरला, गाडीच्या टपावर हात टेकून खिडकीत वाकला. त्याच्या भाराने गाडी हलली आणि सीटखाली छुण् झालं. त्याची नजर आवाजाच्या दिशेने खाली गेली. चिमणाबाईंना वाटलं, आता सुरा निघणार. गुंडूची कडीकडे बघणारी नजर त्यांना लख्ख आठवली. त्यांनी झोपलेल्या नातीचे दोन्ही पाय धरून गदागदा हलवले. पोरगी दचकून उठली, रडायला लागली, पाय झाडायला लागली, आणि गाडीभर तिच्या पैंजणांचा आवाज झाला.

“ही की, बाबा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पाय जाग्यावर ठेवतच न्हाय.”

तो हसला. “आज्जी, मागल्या चाकात हवा कमी हाय. कागलपासनं सांगाय बघतोय, गाडीवाला थांबतच न्हवता. अशी गाडी घाटात घालू नका.”

एवढं बोलून दोघं निघूनही गेले. ते दिसेनासे होईपर्यंत चिमणाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. सयाजी आला, त्याने सगळं ऐकलं आणि चक्क खूश झाला. आई आणि पोरगी बरोबर असली की कसली भीती नाही, आता दर महिन्याला असंच जाऊ, म्हणाला.

त्याच्या त्या आनंदाने मात्र त्या सुरा बघितल्यासारख्या हादरल्या. हे दोघं चांगले निघाले. पुढच्या महिन्यातले तसे नसले, तर सुरा आधी कुणाच्या गळ्याला लावतील? त्यांनी नातीला छातीशी धरलं आणि रस घेऊन आलेल्या सुनेला सीटखाली काय आहे ते सरळ सांगून टाकलं. वर्षाराणीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने तडक पोरीची पिशवी उचलली.

परत फिर म्हणावं, तर माल दुसऱ्याचा, आज बेळगावला पोचलाच पाहिजे. निपाणीत चाकात हवा भरली, स्टँडवर मायलेकींना कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. चिमणाबाईंनीही जावं, म्हणून सयाजीने लई विनवलं. त्या परत मागच्या सीटवर येऊन बसल्या.

आता पोरीचे पैंजण गेले होते. स्टँडच्या बाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर सीटखाली छुण् झालं, आणि त्याला कारण सांगायला गाडीत कोणी नव्हतं. चिमणाबाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. सीटखालचं खोकं ओढलं, प्लॅस्टिकची पिशवी दाताने फाडली आणि घुंगरांनी गच्च भरलेला एक जोड काढला. चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांसाठी केलं. स्वतःच्या पायात लग्नातले होते, ते गुंडूच्या मातीच्या दिवशी उतरले.

त्या जोड घालू लागल्या तसा सयाजी वळून बघतच राहिला. “आये, लोक काय म्हणतील?”

“तुझ्या बापाला घाटात लुटलं, तवा मी घरात घुंगरंच लावत बसलोतो,” त्या म्हणाल्या. “आता हाण गाडी. ही खेप शेवटची. पुन्यांदा न्यायची झाली, तर घुंगरं लावायला दुसरी बाई बघ आणि आई म्हणायलाबी दुसरी बघ.”

सयाजीने मान खाली घातली आणि गाडी सुरू केली. तवंदीचा चढ लागला. एकेक वळण येत होतं आणि चिमणाबाई समोर न बघता आपल्या पायांकडे बघत होत्या. खड्डा आला की पाय हलवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याची गरज पडली नाही. पाय आपोआप थरथरत होते, आणि घाट संपेपर्यंत पैंजण एकदाही थांबले नाहीत.