गारांचं घमेलं

गावंडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात अकरावीच्या मुलींना लंबकाचा प्रयोग दाखवत होते. पुण्याहून त्यांचे सहकारी बोलत होते. सर खुर्चीतच गेले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, समोरच्या पडद्यावर ढगाचं चित्र तसंच चालू होतं... मी बाहेर व्हरांड्यात आले आणि गावी फोन लावला. गजानन, माझा थोरला भाऊ, घाटंजीजवळच्या आमच्या गावात शेती करतो. मी त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "डोक्यातच ना? कोन्या बाजूनं?"

त्याला बाजू कशासाठी हवी होती ते मला कळलं. सरांच्या डाव्या कानाच्या वर एक पांढरट व्रण होता. काही वर्षांपूर्वी भाऊनं फेकलेला दगड तिथे लागला होता.

डॉ. वसंत गावंडे मूळचे दारव्ह्याचे, शिंप्याचे चिरंजीव. पुण्याच्या एका संस्थेत ते ढग आणि पाऊस संगणकावर मांडायचे. मी एमएस्सी होऊन घरी बसले होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. प्रकल्पात मदतनीस हवी म्हणून सरांनी मुलाखत घेतली. गार कधी हातात घेतली आहेस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, डोक्यावर घेतली आहे. ते म्हणाले, मग उद्यापासून ये. आज मी जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे.

सर फार तापट होते. आकडा चुकला की टेबलावर अशी मूठ आपटायचे की शेजारच्या खोलीतले लोक उठून उभे राहायचे. त्यांच्या रागाचं मुख्य कारण मात्र एकच होतं. संगणकात आभाळाचे चौकोनी तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यातल्या थेंबांचा, गारांचा आकार आपण त्याला सांगावा लागतो. आपल्याकडे मोजमापंच नाहीत, म्हणून ते आकार परदेशातल्या ढगांवरून घेतलेले. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागात जो ढग उठतो, तासाभरात काळा डोंगर होतो आणि शिवारच्या शिवार ठेचून काढतो, तो त्या उसन्या आकड्यांत बसत नसे. संगणकातलं हे मॉडेल हलका पाऊस दाखवायचं आणि इकडे शेळ्या मरून पडायच्या. म्हणून सरांनी थेंब मोजायचं एक यंत्र आमच्या गावच्या शाळेच्या आवारात उभं केलं. लोखंडी खांबावर दोन दांड्या, मधून प्रकाशाची पट्टी. थेंब किंवा गार ती पट्टी कापत गेली की तिचा आकार आणि वेग नोंदला जाई.

त्या वर्षी पेरणी झाल्यावर पावसानं दडी मारली. सोयाबीन हातभर वर आलं आणि माना टाकू लागलं. ढग रोज दुपारी यायचे आणि गावावरून तसेच पुढे निघून जायचे. यंत्रावर एक लाल दिवा होता. तो दिवा ढग कापतो, असं कोणीतरी पारावर बोललं आणि चार दिवसांत ते सगळ्या गावाला पटलं. सर आणि मी बॅटरी बदलायला गेलो, तेव्हा कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन जमाव आधीच आवारात होता. पुढे भाऊ होता. सर यंत्राला पाठ लावून उभे राहिले आणि अस्सल दारव्ह्याच्या बोलीत त्यांनी सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं लोक आणखी भडकले. कोणी त्यांची कॉलर धरली, कोणी लाथ मारली. दांड्या वाकल्या, काच फुटली. मी भाऊचा हात धरायला धावले, पण दगड सुटला होता. सर गुडघ्यावर बसले. रक्त कानावरून शर्टात उतरत होतं आणि ते अजूनही शिव्या देत होते.

दवाखान्यात टाके पडत असताना पोलीस आले. नाव उद्या सांगतो, असं सर त्यांना म्हणाले. तिथून ते थेट आमच्या घरी आले, डोक्याला पट्टी तशीच. भाऊ माजघरात बसला होता. सरांनी विचारलं की पोरा, तुझं शेत गावाच्या उंच अंगाला आहे ना. भाऊनं मान हलवली तसे सर म्हणाले,

"मले माफीबिफी नको. मले जागा पाह्यजे. ज्या हातानं गोटा मारला, त्याच हातानं खांबाचा खड्डा खंद. ढग पळाले तं तूच पाह्य, कोन पळवते."

भाऊनं दुसऱ्या दिवशी खड्डा खणला. पोलिसांना नाव मिळालं नाही. नवं यंत्र आलं, ते भाऊच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं. पाऊस त्याच्या वेळेला आला. त्यानंतर भाऊ त्या खांबाला बैलासारखा जपू लागला. कोणी जवळ गेलं तर काठी उगारायचा.

नंतरच्या एका मार्चमध्ये सर यवतमाळला येऊन राहिले होते. त्या दुपारी मॉडेलमध्ये आमच्या तालुक्यावर मोठा ढग दिसला. जनावरं बांध आणि घराबाहेर पडू नको, असा निरोप मी भाऊला दिला आणि आम्ही जीप काढली. वाटेतच आभाळ फुटलं. आधी आवळ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. जीपची काच तडकली. गावात पोचलो तेव्हा बाभळी नागड्या झाल्या होत्या, गहू जमिनीत घुसला होता, बांधावर बगळे आणि शेळ्या एकत्र पडल्या होत्या. भाऊ यंत्राखाली बसला होता. डोक्याला गोणपाट, खांदे काळेनिळे, दोन बोटं मोडलेली. यंत्राला मार बसू नये म्हणून गारपीट संपेपर्यंत त्यानं त्यावर लोखंडी घमेलं धरून ठेवलं होतं.

इतकी वर्षं ज्या गारांची वाट पाहिली, त्यांतली एकही यंत्रातून गेली नव्हती.

"अबे येड्या, ती मशीन मार खायलेच तं उभी केली होती!" सर ओरडले. भाऊची मुंडी धरून त्यांनी त्याला गदागदा हलवलं. भाऊच्या कपाळाचं रक्त हाताला लागलं तेव्हा ते थांबले. मग त्यांची नजर घमेल्याकडे गेली. त्याला सगळीकडून पोचे आले होते, लहान, मोठे, खोल, उथळ. सर चिखलात मांडी घालून बसले आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. मी भाऊला दवाखान्यात न्यायला जीप शेतात वळवून आणायला गेले. परत आले तेव्हा वहिनी तिथे पोचली होती आणि सर तिला काहीतरी विचारत होते.

पुढे सरांनी भाऊचं ते घमेलं पुण्याला नेलं आणि घाटंजीच्या बाजारातून तशीच नवी घमेली घेतली. त्यांच्यावर उंचावरून लोखंडी गोळ्या सोडून, कोणत्या मापाची गार केवढा पोचा पाडते याचा हिशेब बसवला. आमच्या ढगाच्या गारा पहिल्यांदा मॉडेलमध्ये गेल्या. मॉडेल अजूनही चुकतं, पण आता ते आमच्या ढगाबाबत चुकतं, असं सर म्हणायचे.

ते गेल्यावर मी पुण्याला जाऊन आले. सरांना रक्तदाबाचा त्रास जुना होता, गोळ्या ते घेतच नसत, असं बाईंनी, सरांच्या पत्नीनं, सांगितलं. दगडाचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं. मी हे भाऊला फोनवर कितीदा तरी समजावलं. डॉक्टर तं तसंच म्हन्ते, एवढंच तो बोलायचा. वहिनी म्हणाली, जेवण सुटलं आहे त्याचं.

सरांच्या खोलीतलं घमेलं बाईंनी मला दिलं होतं. ते मी गावी नेलं. प्रत्येक पोच्याभोवती सरांनी लाल रंगानं गोल काढलेला. फक्त एकावर, सगळ्यात खोल होता त्यावर, काळी फुली. ही कशाची, असं मी विचारलं तर वहिनीनं पदर तोंडाशी नेला.

"तो माहा हाय. दिवाळीत भांडन झालं तवा म्या ह्यायले फेकून मारलं होतं. सरनं एकेक पोचा इचारला, हा गारीचा का, हा गारीचा का. म्या लाजली. तं म्हने, सांगा बाई, नाई तं उगाच ढगाच्या नावावर जाईन."

तो धरला असता तर सरांची सर्वांत मोठी गार ठरली असती. त्यांनी धरला नाही.

भाऊ त्या फुलीवरून अंगठा फिरवत राहिला. "जे ज्याचं नाई, ते त्याच्या नावावर नाई लिहे तो," तो म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा वाकडा झाला. "मंग गोया काहून नाई घेतल्या बे... घ्याच्या होत्या ना गोया," असं म्हणत त्यानं घमेलं उचललं आणि पायरीच्या दगडावर आपटलं. आणि ओक्साबोक्शी रडला, सगळं गाव ऐकेल असा.

वहिनीनं घमेलं उचलून उजेडात धरलं. काठाजवळ एक नवा पोचा पडला होता. तिनं चुलीतून एक कोळसा आणला आणि त्यावर फुली मारली.