फोटोच्या पुढची गोष्ट

ट्रॅक्टरच्या चाकाखाली डावा पाय आला तवापासून कडूबाईचं ऊसतोडीला जाणं सुटलं. दिवाळी झाली की गल्लीतल्या बाया बिऱ्हाड बांधून कारखान्याकडं निघत, अन् कडूबाई म्हाताऱ्याकोताऱ्यांसंगं गावात राही. केजहून आणलेल्या जुन्या टीव्हीवर रोज 'दोन घरची लेक' ही मालिका बघी.

गुढीपाडव्याच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की तिच्या ओट्यावर बैठक बसायची. कुणी शेंगा फोडतंय, कुणी लेकराच्या उवा काढतंय, अन् कडूबाई सहा महिन्यांची मालिका सांगतेय. मालिकेतल्या वैदेहीची मोठी जाऊ नाक कसं उडवते हे ती असं करून दाखवायची, की स्वतःच्या जावा शेजारी बसलेल्या बायांना हसू दाबायला पदर तोंडाला लावावा लागे.

मालिका बंद व्हावी, असं मात्र सगळ्या गावाचं मत. चक्कीवाला गहिनीनाथ दळण घेता घेता म्हणायचा, ती वैदेही तीनदा मेली, दोनदा आंधळी झाली, आता तिला सुट्टी द्या. कडूबाईलाही ते आतून पटायचं. पण पाय अधू झाल्यापासून तिला कामाला कुणी बोलवत नव्हतं. माणसं यायची ती या गोष्टीपायी. म्हणून ती गहिनीनाथला सुनवायची, "आधी तुही चक्की बंद कर. तीबी लई जुनी झाली."

यंदा संक्रांतीनंतर मालिका खरंच बंद झाली. शेवटी मोठ्या जावेनं वैदेहीचे पाय धरले, सगळं घर रांगेत हसत फोटोला उभं राहिलं, अन् दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिथं भलतीच कुणी नटून बसलेली. इतकी वर्षं ताणलं अन् निकाल अर्ध्या तासात. कडूबाईला लई राग आला.

टोळ्या परतल्या तशी तिला धास्ती पडली. शेवट सांगायला असा कितीसा वेळ लागणार? तो ऐकून बाया उठल्या, की परत कशाला येतील? तिनं त्या दिवशी ओट्यावर पोतं अंथरलंच न्हाई. आत जाऊन तांदूळ निवडत बसली.

दिवेलागणीला तिची पुतणसून रोहिणी आली. काही न विचारता आतलं पोतं उचललं अन् ओट्यावर टाकलं. मागून गल्लीतली चंद्रभागाबाई अन् चौघीजणी शेंगांची पाटी घेऊन आल्या.

"मालिका संपली गं," कडूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

"ठावं हाय, आत्याबाई," रोहिणी म्हणाली. "तिकडं कारखान्यावरच्या कोपीत मोबाईलवर आमी रोज बघतच हुतो. मागच्या सालीबी बघितलीती."

कडूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग हितं कावून येता?"

"मोबाईलात ती बाई नुसती रडती. कावून रडती ते तुमी सांगितल्यावर कळतं." रोहिणीनं शेंग फोडली. "अन् त्यो शेवट आमाला पटला न्हाई. जाव पाय धरती व्हय कुठं?"

"माही जाव तर न्हाई धरायची," चंद्रभागाबाई म्हणाली.

"मलाबी न्हाई पटला," म्हणत कडूबाई पाय ओढत बाहेर आली. पोत्यावर टेकली. मग तिनं मोठ्या जावेसारखं नाक उडवलं.

"फोटो काढून झाला," ती म्हणाली. "समदे जेवाय बसले. आता सांगा, वाढाय कोण उठलं?"