ओट्यावर डाग नको

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि घर लोकांना कसं दाखवावं यातलं सगळं मलाच कळतं असा माझा पक्का समज होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मासिकांतून घरसजावटीची पानं यायला लागली होती आणि ती मी अभ्यासापेक्षा मन लावून वाचत होते.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. शेवटची खोली स्वयंपाकाची. तिला खिडकी नव्हती, नळ नव्हता, ओटा नव्हता. आई जमिनीवर स्टोव्ह मांडून पाटावर बसायची आणि उठताना दाराची चौकट धरून उठायची. तिचे गुडघे पार गेले होते.

राजारामपुरीत एक फ्लॅट बघून ठेवला होता. बाबांनी जिना बघितला, मी गॅलरी बघितली. आई मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथं उभ्यानं काम करायचा ओटा होता, ओट्याला नळ होता आणि वर खिडकी होती. ती ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हितंच." बाकीच्या खोल्या तिनं बघितल्यासुद्धा नाहीत. पण पेठेतलं घर विकलं तरच तो फ्लॅट घेता येणार होता, आणि बिल्डर दोन महिन्यांच्या वर थांबायला तयार नव्हता. त्यातला दीड महिना गेला तरी आमच्या घराला गिऱ्हाईक मिळेना. लोक यायचे, चहा प्यायचे, मागच्या खोलीत डोकावायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे.

एजंट पानाच्या टपरीवर बसून अर्ध्या पेठेचे व्यवहार जमवायचा. त्यानं आम्हाला फोड करून सांगितलं, "घर वाईट न्हाय. पर बघतो बाप्या आन् ठरवती बाई. तुमची आतली खोली बघून बायका नाक मुरडत्यात. तेवढी नीट करा, मग पावणं कसं गार हुतंय बघा."

बाबा छापखान्यात कामाला होते. तिथं दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेत एक काना चुकला तर त्यांना जेवण जायचं नाही. घरात मात्र काही मोडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बघू की." आईनं ओट्याचं काढलं की "बघू की." नळाचं काढलं की "बघू की." असं बघण्यात पंचवीस वर्षं गेली. एजंटानं एकदा सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वाळू येऊन पडली. आई दारात उभी राहून त्या वाळूकडे बराच वेळ बघत होती.

गवंडी आला, कडाप्प्याचा ओटा झाला, मागच्या हौदावरून पाइप ओढून नळ आला, भिंत फोडून जाळीची छोटी खिडकीही बसली. आणि मग बाईसाहेबांनी, म्हणजे मी, सूत्रं हातात घेतली. बाहेरच्या खोलीतली सात कॅलेंडरं काढली. एक तरी ठेव म्हणून बाबा अडून बसले, पण मी ऐकलं नाही. लोणच्याच्या बरण्या कॉटखाली ढकलल्या. शेजारी शिलाईकाम करणारे चाचा होते. त्यांनी पडदे शिवून दिले आणि वर आपला सोफाही दिला. तो आत घ्यायला दाराची एक फळी काढावी लागली. चाचांच्या घरचे तेवढे दिवस सतरंजीवर बसले, पण कुणी कुरकुर केली नाही. आमचं घर विकलं जावं म्हणून आख्खी गल्ली झटत होती. आम्हाला घालवायची त्यांना एवढी घाई का, असं बाबा चेष्टेनं विचारायचे.

शेवटी मी नियम काढला. घर विकेपर्यंत नव्या ओट्यावर काही ठेवायचं नाही, ओट्यावर डाग नको.

आई हसली. "मग सैपाक?"

"खाली. इतकी वर्षं केलासच की."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं, आणि फार हुशारीचं काहीतरी सांगतेय अशा आवाजात. आई पुन्हा पाटावर बसली, नव्या कोऱ्या ओट्याकडे पाठ करून. उठताना आता तिच्या हाताला चौकटीऐवजी ओट्याची कड लागायची. मग कडाप्प्यावर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे उमटायचे आणि मी फडकं घेऊन ते लगेच पुसून टाकायचे. ते फडकं आठवलं की मला आजही माझीच लाज वाटते.

एका रविवारी मलकापूरकडचं गिऱ्हाईक आलं. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना कोल्हापुरात घर हवं होतं. नवरा, बायको आणि सल्ला द्यायला पाच माणसं. त्यातलं कोण मामा, कोण मित्र हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सोफा सगळ्यांना पसंत पडला. तेवढ्यात चाचा आले. शेजार कसा आहे हे पाहुण्यांना दिसावं म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. आल्या आल्या ते म्हणाले, "हवा तर अशी येती की पंखा लावायचं कामच न्हाय." डोक्यावर पंखा पाचावर गरगरत होता. मग त्यांनी सोफ्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "जरा सरका पावणं, ती जागा माझी हाय." पाहुणा सरकला. मी पडद्याच्या झालरीकडे बघत राहिले.

पुरुष हवेबद्दल बोलत होते तेव्हा बाई उठून आत गेली. मी लगबगीनं मागे गेले. तिनं ओट्यावरून तळवा फिरवला, तळव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वटा झ्याक हाय." मी फुलले. नळ सोडून दाखवला.

"पर ह्यावर तेलाचा एक डाग न्हाय," ती म्हणाली. "पिठाचा कण न्हाय. तुमी सैपाक कुठं करतासा?"

पाणी किती वेळ येतं, गटार तुंबतं का, शेजारी कोण, सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ केली होती. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. कोणत्याही मासिकात नव्हता. "आम्ही रोज घासतो," असं काहीतरी मी पुटपुटले.

"खाली करतो," आई कोपऱ्यातून म्हणाली. तिनं उभा करून ठेवलेला पाट दाखवला. "हितं बसून. वटा तुमाला दावायला बांधलाय. मी मागितला तवा न्हाय झाला. आता गुडघं ऱ्हायलं न्हाईत, म्हणून तर निघालोय."

झालं, गेलं सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. फ्लॅट गेला, आईची खिडकी गेली. मी वळून बघितलं तर बाबा दारात उभे होते. ते चहाचं विचारायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाई आईच्या गुडघ्यांकडे बघत होती. "आमच्यात बी खालीच हाय," ती हळू म्हणाली. मग बाबांच्या बाजूनं वाट काढून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि त्या सगळ्या मामा-मित्रांसमोर नवऱ्याला म्हणाली, "हे घर घ्यायचं."

"अगं, अजून कागद बघायचं हायत."

"बघा की. पर घर हेच."

संध्याकाळपर्यंत बोलणी पक्की झाली. चाचा आपला सोफा घेऊन गेले. जाताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते सोफ्याच्या वजनामुळे असं त्यांनी सांगितलं.

आईनं स्टोव्ह उचलून ओट्यावर ठेवला. मी फडकं बाजूला ठेवलं. ती उभी राहून भाकरी थापायला लागली. उंची तिला अगदी बरोबर झाली होती. बाबा दारापाशी घुटमळत होते.

"आता वटा झालाय, नळ आलाय," ते म्हणाले. "मग ऱ्हायचं का हितंच?"

"शब्द दिलाय त्या बाईला."

बाबा खाली बघत म्हणाले, "मला आपलं वाटायचं, लई मोठं काम हाय."

आईच्या आवाजात राग नव्हता. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "तीन दिवसांचं हुतं."